ती जांभळी परत दाखवा

येवल्याच्या एखाद्या पैठणीवाल्याचं फेसबुक लाइव्ह दहा मिनिटं पाहिलं तरी एक गंमत ध्यानात येते. दादा मोरपंखी साडी हातात धरून पदरावरचे मोर दाखवत असतात आणि खाली कॉमेंट पडते, ‘जांभळी कितीला?’ जांभळी तर केव्हाच घडी होऊन मागे गेलेली असते. दादा मागे वळून ती पुन्हा काढतात, पुन्हा उलगडतात, ‘हां ताई, ही बघा जांभळी’ म्हणतात, तोवर त्याच ताईंची दुसरी कॉमेंट येते, ‘ही मोरपंखी मस्त आहे, प्राइस सांगा.’ यात चुकतंय कोणीच नाही. ताई डोळ्यांसमोर आहे त्याबद्दलच विचारतायत, दादा विचारलेलंच दाखवतायत. पण दादांच्या दुकानातलं घड्याळ आणि ताईंच्या पडद्यावरचं चित्र यांच्यात दहा-पंधरा सेकंदांचं अंतर पडलेलं आहे.

हे अंतर म्हणजे ‘नेट स्लो आहे’ असं आपण म्हणून टाकतो. नेटचा त्यात वाटा आहे, पण थोडा. बाकीचे सेकंद कोणीतरी विचार करून, कशाच्या तरी बदल्यात खर्च केलेले असतात. ते कुठे आणि कशासाठी खर्च होतात हे समजलं, की फोनवरचं लाइव्ह कसं चालतं हे बरंचसं समजलं. तर त्या जांभळ्या साडीबरोबरच निघू या.

साडीवरून परावर्तित झालेला उजेड फोनच्या भिंगातून नखाएवढ्या सेन्सरवर पडतो. सेन्सरवर लाखो-कोट्यवधी बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते. हिरव्या गाळण्या बाकीच्यांच्या दुप्पट, कारण माणसाचा डोळा बारकावे मुख्यतः हिरव्यातूनच टिपतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ चं आहे आणि आजही बहुतेक फोन तीच वापरतात. शेजारच्या कप्प्यांवरून अंदाज बांधून फोन प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग ठरवतो.

साडी विकणाऱ्याला नडतो तो पुढचा टप्पा. ट्यूबलाइटचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, आणि फोनला दोन्हींत पांढरं पांढरंच दाखवायचं असतं. म्हणून तो चित्रातल्या एकूण रंगांवरून उजेडाचा अंदाज घेतो आणि तेवढी दुरुस्ती करतो. आता कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणून जांभळी साडी पडदाभर पसरली, की त्याचा अंदाज फसतो. उजेडच जांभळट आहे असं समजून तो जांभळेपणा उतरवायला लागतो. ‘लाइव्हमध्ये वेगळा कलर दिसला होता’ या तक्रारीमागे दरवेळी विक्रेत्याची लबाडी नसते. चौकटीत एखादी खरीखुरी पांढरी गोष्ट राहू दिली तर फोनला आधार मिळतो. साडीच्या जुन्या दुकानांतली पांढरी गादी इथे आपसूक कामाला येते. गिऱ्हाइकाला हे माहीत नसलं तरी चालेल. दुकानदाराला माहीत हवं.

चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे दिसत असतील तर तो दिव्यांचा प्रताप. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलके दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. सेन्सर मात्र चित्र एका दमात न वाचता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडतात. चांगल्या प्रतीचा एलईडी लावला की हा प्रश्न संपतो.

आता आकड्यांकडे येऊ. उभ्या चौकटीत ७२० बाय १२८० ठिपक्यांचं चित्र धरलं तर एका चित्रात ९,२१,६०० ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे सेकंदाला साधारण ६६ कोटी बिट. येवल्यातल्या ४-जी जोडणीतून वर जाणार किती, तर बरा दिवस असेल तर पंचवीस-तीस लाख बिट. अडीचशे बादल्यांचं पाणी एका बादलीत बसवायचं आहे आणि तेही चालता चालता, सेकंदाचा तिसावा हिस्सा उलटायच्या आत.

पहिली काटछाट रंगात होते. डोळा उजेड-सावलीतला बारीक फरक ओळखतो, रंगातला तितका नाही. म्हणून प्रत्येक चार ठिपक्यांना उजेडाच्या नोंदी चार ठेवतात, पण रंगाची नोंद सामायिक, एकच. एवढ्याने माल निम्मा होतो. किंमत मोजावी लागते ती बारीक रंगकामाला. जांभळ्या अंगावरची बारीक सोनेरी बुट्टी दुरून पाहिली की तिच्या कडा रंगात मिसळल्यासारख्या वाटतात, त्या यामुळे.

पुढचं काम एन्कोडरचं. बहुतेक फोन अजूनही एच.२६४ ही पद्धत वापरतात. तिचं मानक २००३ चं. ही पद्धत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला विचारते, तू आधीच्या चित्रात कुठे होतास? तिथेच होतो, असं उत्तर आलं तर पाठवायचं जवळजवळ काहीच नाही. बारा ठिपके उजवीकडे सरकलो, असं आलं तर तेवढं सरकणं आणि उरलेला किरकोळ फरक कळवायचा. मागची भिंत, गादी, रचलेल्या साड्यांचा ढीग हे सगळं फुकटात जातं. दादांचे हात आणि ओठ थोडं मागतात. दर दोन सेकंदांच्या आसपास मात्र एक चित्र पुरतं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं पाठवावं लागतं. त्याला कीफ्रेम म्हणतात. मध्येच लाइव्हमध्ये शिरलेल्या माणसाला सुरुवात करायला तोच आधार, आणि वाटेत काही हरवलं तर गाडी रुळावर येते तीही तिथूनच.

सिनेमा आधीच तयार असतो, म्हणून तो दाबताना एन्कोडर पुढच्या चित्रांचाही आधार घेऊ शकतो. लाइव्हला ती चैन परवडत नाही. पुढचं चित्र अजून घडायचं असतं आणि त्याच्यासाठी थांबायचं म्हणजे उशीर.

याचा अनुभव साडी झटकून उलगडताना येतो. दादांनी नारळी काठाची पैठणी दोन्ही हातांनी धरून एक झटका दिला की एका क्षणात चौकटीतला प्रत्येक चौकोन बदलतो. कुठला चौकोन कुठून आला, याचं उत्तर एन्कोडरला सापडत नाही. सगळंच नव्याने सांगायचं, आणि बिट तर ठरलेले. मग तो बारकावे टाकून देतो. क्षणभर साडीचे ठोकळे ठोकळे दिसतात, जर वितळल्यासारखी होते, आणि हात स्थिर झाले की सेकंद-दोन सेकंदांत काठ पुन्हा नीट बांधला जातो. अनुभवी विक्रेते पदर उलगडला की तो तसाच धरून ठेवतात आणि बोलत राहतात. एन्कोडरचं शास्त्र कोणी त्यांना शिकवलेलं नसतं. स्वतःचं लाइव्ह पुन्हा पाहून ते समजलेलं असतं.

हे सगळं गणित फोनमधली खास चिप करते. ही सोय अ‍ॅप बनवणाऱ्यांना सहज हाताशी आली ती अँड्रॉइडवर २०१२ मध्ये आणि आयफोनवर २०१४ मध्ये. त्याआधी कोणी केलं नव्हतं असं नाही. २००७-०८ च्या सुमाराला नोकियाच्या फोनवरून ‘क्विक’ आणि स्वीडनचं ‘बँबूझर’ ही अ‍ॅप थेट चित्र पाठवत होती. चित्र धूसर, बॅटरी जाई भराभर, आणि पाहणारे मोजके. भारतात गाडी पुढे गेली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी फेसबुकने लाइव्ह सर्वांना खुलं केलं आणि ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात आल्या नसत्या तर येवल्याच्या लाइव्हला आणखी काही वर्षं वाट पाहावी लागली असती, असं माझं मत.

एवढं होईतो वेळ किती गेला? सेकंदाचा तिसरा-चौथा हिस्सा, फार तर. म्हणजे ते पंधरा सेकंद फोनमध्ये नाहीत.

पुढचा टप्पा टॉवरपर्यंतचा. आपण नेटचा वेग म्हणतो तेव्हा मनात असतो डाउनलोड. लाइव्ह जगतं अपलोडवर. आणि तिथे फोनची बाजू लंगडी आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने ओरडू शकतो. ४-जी फोनला साधारण पाव वॅटच्याही आतच, २०० मिलिवॅटपर्यंत, आवाज काढता येतो. शिवाय आपल्याकडे बराच ४-जी भार वाहणाऱ्या २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जायला आणि यायला रस्ता एकच. वेळ वाटून घ्यायची. लोक पाहतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून बहुतेक वेळ डाउनलोडला दिलेली असते. फोनने पाठवायचं म्हटलं तरी त्याला आधी टॉवरकडे पाळी मागावी लागते.

फोनवरच्या काड्या यातलं काही सांगत नाहीत. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो, एवढंच त्या दाखवतात. तुमच्याशिवाय आणखी किती जण पाळी मागतायत, याचा त्यांना पत्ता नसतो. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून लाइव्ह करून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. काड्या भरलेल्या आणि चित्र हलत नाही.

पाठवायच्या मालाची रांग वाढायला लागली की शहाणं अ‍ॅप स्वतःच हात आखडता घेतं. पंचवीस लाखांवरून बिट आठ लाखांवर आणतं, तेही भागलं नाही तर मधली चित्रं गाळतं. आवाज मात्र शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. त्याला लागतात जेमतेम लाखभर बिट, त्यामुळे तो वाचवणं परवडतंही. प्रेक्षक धूसर चित्र चालवून घेतो. किंमत सांगताना आवाज तुटला की निघून जातो.

हा माल फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत ज्या पद्धतीने जातो तिचं नाव आरटीएमपी. ही मूळची मॅक्रोमीडियाची, फ्लॅशसाठी बनवलेली. फ्लॅशचं दुकान ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, पण त्याची ही मागची खोली अजून गजबजलेली आहे. तिचा स्वभाव हट्टी. एखादं पाकीट वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवून घेतल्याशिवाय पुढची पाकिटं दारातून आत घेतली जात नाहीत. त्यामुळे चित्र शाबूत राहतं आणि नेट अडखळलं की उशीर वाढतो. तरी सगळं धरून इथे गेला सेकंदभर, वाईट दिवशी दोन-तीन.

सर्व्हरवर आल्यावर त्या एका चित्राच्या अनेक आवृत्त्या काढतात, मोठी, मध्यम, लहान, अगदी लहान. कारण पाहणाऱ्यांत कोणी वाय-फायवर आहे आणि कोणी गावच्या रस्त्यावर. हे पुन्हा उकलणं आणि पुन्हा दाबणं म्हणजे आणखी सेकंद-दोन सेकंद.

आणि आता आपण खऱ्या मुक्कामाला पोचलो. हजारो लोकांना एकाच वेळी चित्र द्यायचं तर प्रत्येकाशी स्वतंत्र, सतत चालू असलेली जोडणी ठेवणं महागात पडतं. अ‍ॅपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली, तिने यावर साधा तोडगा काढला. वाहतं चित्र कापून त्याच्या काही काही सेकंदांच्या फायली करायच्या आणि त्या वेबवरच्या कुठल्याही फोटोसारख्या मागेल त्याला द्यायच्या. फाइल झाली की तिच्या प्रती करून जागोजागच्या साठवण-सर्व्हरांवर ठेवता येतात. मुंबईतल्या दहा हजार जणांनी मागितली तरी मूळ सर्व्हरपर्यंत कोणी येत नाही, मुंबईतूनच वाटली जाते. नंतर आलेलं डॅश हेही याच कुळातलं. क्रिकेटचे सामने याच मार्गाने चालतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. फायली कापून वाटल्या नसत्या तर हा आकडा स्वप्नातच राहिला असता.

पण फाइल पूर्ण झाल्याशिवाय ती देता येत नाही. सहा सेकंदांची फाइल असेल तर तिच्यातलं पहिलं चित्र सहा सेकंद बसून राहतं. शिवाय प्रेक्षकाच्या फोनमधला प्लेअर धास्तावलेला असतो. नेट मध्येच अडकलं तर चित्र थांबू नये म्हणून तो दोन-तीन फायली हाताशी जमल्यावरच दाखवायला सुरुवात करतो. सुरुवातीला अ‍ॅपलची शिफारस दहा सेकंदांच्या फायलींची होती, पुढे सहावर आली. सहाच्या तीन म्हणजे अठरा, वर बनण्याची वाट, वर बाकीचं सगळं. पंचवीस सेकंद झाले. फायली दोन-दोन सेकंदांच्या ठेवल्या तर हिशेब दहा-बारावर येतो. शेजारच्या घरात टीव्हीवर विकेट पडल्याचा जल्लोष होतो आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतोय, याचं कारण हेच.

अंतराचा संबंध किती, हेही पाहून घेऊ. न्यू जर्सीत बसलेल्या मावशी ‘आम्ही लांब आहोत म्हणून उशिरा दिसतं’ असं म्हणतात. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समुद्रतळाच्या तारांचे वळसे धरूनही मुंबईहून न्यू जर्सीला एका दिशेने लागतो सेकंदाचा दहावा हिस्सा. दादरच्या ताई आणि न्यू जर्सीच्या मावशी यांच्यात भूगोलामुळे पडणारा फरक तेवढाच. त्यांच्यापैकी कोणाला दहा सेकंद उशिरा दिसत असेल तर ते तिच्या प्लेअरने साठवून ठेवलेलं असतं. मध्ये एकदा नेट अडकलं, प्लेअर थांबला आणि पुन्हा तिथूनच सुरू झाला, की तो मागेच राहतो. अशा वेळी लाइव्हमधून बाहेर पडून पुन्हा आत आलं तर बहुधा ताज्या चित्रावर उडी बसते.

परतीचा प्रवास याच्या अगदी उलटा. कॉमेंट म्हणजे शे-दोनशे बाइटचा जीव. तिच्यासाठी अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी कायम उघडी ठेवलेली असते. वेबसॉकेट हे त्यातलं नेहमीचं नाव, मानक २०११ चं. तिथे फाइल नाही, साठवण नाही, प्लेअर नाही. ताईंनी बोट दाबलं की अर्ध्या सेकंदात दादांच्या पडद्यावर. म्हणजे जायचा रस्ता बारा सेकंदांचा आणि यायचा अर्ध्या सेकंदाचा. त्यात ताईंनी साडी पाहिली, विचार केला, शेजारी बसलेल्या जाऊबाईंना विचारलं, ‘जांभळी कितीला’ टाइप केलं, याचे आठ सेकंद. एकूण वीस. वीस सेकंदांत दादांनी एक साडी घडी करून दुसरी उलगडलेली असते.

यावर व्यापाऱ्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. साडीला नंबराची चिठ्ठी. ‘ताई, सतरा नंबर बघा, सतरा नंबर जांभळी, आवडली तर स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा.’ आता कॉमेंट केव्हाही येवो, ‘१७’ एवढं लिहिलेलं असलं की पुरे. उशीर हटवायच्या भानगडीत न पडता त्यांनी त्याचा उपद्रव काढून टाकला. स्क्रीनशॉट तर त्याहून पक्का. ताईंनी नेमकं काय पाहिलं याचा पुरावाच तो.

अभियंते याच दुखण्यावर जे करतात तेही तत्त्वतः हेच. २०१८ च्या सुमाराला आपल्याकडे लोको, ब्रेनबाजी अशी लाइव्ह प्रश्नमंजुषेची अ‍ॅप आली होती. निवेदक प्रश्न विचारतो, दहा सेकंदांत उत्तर द्यायचं. प्रश्नाचं कार्ड कॉमेंटच्या झटपट रस्त्याने पाठवलं असतं तर निवेदकाचं तोंड उघडण्याआधीच ते पडद्यावर आलं असतं. अशा वेळी खूण चित्राच्या प्रवाहातच गुंफून पाठवता येते. चित्र त्या खुणेपाशी पोचलं की प्रेक्षकाचं अ‍ॅप कार्ड उघडतं. कोणाला पाच सेकंद उशीर असो वा पंधरा, बोलणं आणि कार्ड जुळतं, आणि वेळ मोजायची तीही ज्याच्या त्याच्या पडद्यावरून.

उशीर खरोखरच कमी करायचा असेल तर? एक मार्ग मार्च २०१५ मध्ये आलेल्या पेरिस्कोप या लाइव्ह अ‍ॅपने घेतला होता. सुरुवातीच्या काळात आधी आलेल्या साधारण शंभर प्रेक्षकांना तिथे सतत चालू जोडणीवरून चित्र मिळे, सेकंद-दीड सेकंदाच्या उशिराने. त्यांच्यानंतर येणाऱ्यांना फायली, दहा सेकंदांहून जास्त उशिराने. कॉमेंट करायची मुभाही त्या पहिल्या शंभरांनाच. बोलणारे पुढे बसले, ऐकणारे मागे. व्यवस्था रोखठोक होती. मागच्यांना आपण मागे बसलोय हे कोणी सांगत नव्हतं, एवढंच खटकतं. पेरिस्कोप मार्च २०२१ मध्ये बंद झालं. दुसरा मार्ग फाइल पुरी व्हायच्या आधीच तिचे तुकडे सोडण्याचा. अ‍ॅपलने २०१९ मध्ये एचएलएसची तशी आवृत्ती जाहीर केली. त्याने उशीर दोन ते पाच सेकंदांवर येतो. पण हाताशी साठवण कमी, म्हणून नेट हललं की चित्र अडकण्याची भीती जास्त.

तिसरा मार्ग मात्र वेगळ्याच घराण्यातला. लाइव्ह चालू असताना ‘ताई, तुम्ही जॉइन व्हा’ म्हणून कोणाला चित्रात घेतात, तेव्हा दोन सेकंदांचा उशीरही चालत नाही. दूरध्वनीची आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते की एका दिशेचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत असावा, ०.४ च्या पुढे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात. यासाठी आहे वेबआरटीसी. गूगलने ते २०११ मध्ये खुलं केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचं अधिकृत मानक झालं. इथे हरवलेल्या पाकिटासाठी सहसा कोणी खोळंबून राहत नाही. आवाजाची पाकिटं बहुधा २० मिलिसेकंदांची. एखादं गेलं तर आजूबाजूच्या आवाजावरून ती फट भरून काढायची आणि पुढे चालायचं. मोबाइल कंपन्या अनेक फोनना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे दोन फोनना एकमेकांचं दार सापडणंही सोपं नसतं. पुष्कळदा मधल्या सर्व्हरमार्फतच जावं लागतं.

पाहुणा आला की एका लाइव्हमध्ये दोन व्यवस्था चालू असतात. दादा आणि पाहुण्या ताई वेबआरटीसीवर, जवळजवळ समोरासमोर. त्या दोघांची चित्रं शेजारी शेजारी चिकटवून तयार झालेलं एकत्र चित्र बाकीच्या हजार जणांना फायलींनी, काही सेकंद मागून. ताईंच्या घरात गोंधळ उडतो तो यामुळे. शेजारच्या खोलीत मुलगी दुसऱ्या फोनवर तेच लाइव्ह मोठ्या आवाजात पाहत असते, आणि ताईंचंच वाक्य दहा सेकंदांनी भिंतीपलीकडून परत येऊन माइकमध्ये शिरतं. फोनमध्ये प्रतिध्वनी पुसायची सोय असते, पण ती फक्त त्याच फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज ओळखते. दुसऱ्या फोनचा आवाज तिच्या लेखी बाहेरचाच. सह्याद्री वाहिनीवर ‘हॅलो सखी’सारख्या कार्यक्रमांत फोन करणाऱ्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगावं लागे, साधनं बदलली, सूचना तीच राहिली.

स्वतः लाइव्ह करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. २५ लाख बिटांच्या हिशेबाने तासाला सव्वा जीबीच्या आसपास डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये दीड तासाचं लाइव्ह बसत नाही, आणि कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे आवाजसुद्धा धड जाणार नाही. कॅमेरा, एन्कोडर, रेडिओ आणि पडदा एकदम राबत असल्याने फोन तापतो. तापला की तो स्वतःच चिपचा वेग उतरवतो आणि चित्र गचके खायला लागतं. जाड कव्हर काढा, उन्हात ठेवू नका, चार्जिंग आधीच करून घ्या. फोन उभा की आडवा हे सुरू करण्याआधी ठरवा, कारण चित्राचा आकार बहुधा सुरुवातीलाच पक्का होतो. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल आला की दुसऱ्याचा डेटा थांबतो, तेव्हा दुसरं सिम बंद ठेवलेलं बरं. शेजारी आवाज बंद केलेला दुसरा फोन ठेवून स्वतःचं लाइव्ह प्रेक्षक म्हणून पाहत राहा. त्यात आपण किती मागे दिसतो, ते सेकंद एकदा मोजा आणि प्रश्न विचारला की तेवढे सेकंद गप्पा मारत थांबा. लोक उत्तर देत नाहीत असं समजून लगेच पुढे सरकू नका.

आणि शेवटचा नमस्कार केल्या केल्या ‘एंड’ दाबू नका. तुमचा नमस्कार अजून कोणी पाहिलेला नसतो. वीसेक सेकंद साडी हातात धरून थांबा. शेवटची ऑर्डर बहुतेक वेळा तेवढ्यातच येते.